सहा लडी आणि एक लाल गोळा

हसायचं नाही अशी आधी शपथ घ्या, मगच चहा ओततो. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या साडूच्या नाकातून चहा बाहेर आला होता, आणि तो डाग अजून त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर आहे. डाग या विषयावर मी सध्या काही बोलत नाही. का बोलत नाही, ते कळेलच तुम्हाला.

माझ्या हातून एक घोळ झाला. तुम्ही म्हणाल, गुरुजी, घोळ कोणाच्या हातून होत नाही? होतो हो! पण सुनेची लोकर, शेजारणीची अब्रू आणि स्वतःची एकतीस वर्षांची नोकरी, तिन्ही एकाच दुपारी धुऊन काढणारा माणूस पाहिलाय तुम्ही? नसेल तर नीट पाहून घ्या. समोरच बसलाय.

सुरुवातीपासून सांगतो. मी मुकुटबनचा. शाळेत विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त. घरात मी, आमची सौ. कमल आणि सूनबाई प्रणाली. मुलगा वणीकडे कोळशाच्या खाणीत नोकरीला. शनिवारी येतो, सोमवारी जातो. या किश्शात त्याचा काही दोष नाही, म्हणून बिचाऱ्याला बाजूलाच ठेवू.

ही प्रणाली लोकरीच्या वस्तू बनवते. भिंतीवर टांगायच्या नक्ष्या, तोरणं, गोंडे, काय काय. आता मला सांगा, मुकुटबनात लोकर! उन्हाळ्यात आमच्याकडे अंगातलं बनियन नकोसं होतं आणि ही पोरगी मेंढीचे केस मांडीवर घेऊन बसते! बरं, बाजारातली रंगीत लोकर आणावी, तर तेही नाही. ती म्हणे खरी लोकर नसते, प्लास्टिकचा धागा असतो. म्हणून ही पांढरी, खरी, मेंढीची लोकर पार्सलनं मागवते आणि घरीच रंगवते. पळसाची फुलं, डाळिंबाची सालं, हळद. आमच्या स्वयंपाकघरात कोणत्या गंजात वरण आहे आणि कोणत्या गंजात रंग आहे, हे विचारूनच जेवायला बसावं लागतं. एकदा मी डाळिंबाच्या सालांचं पाणी काळा चहा समजून अर्धा कप प्यायलो. दोन दिवस तोंड आवळून होतं. पण तो वेगळा किस्सा.

तर एप्रिलात तिला वणीहून ऑर्डर आली. लग्नातल्या हळदीच्या कार्यक्रमाचं तोरण. आजकाल हळदीला सगळंच पिवळं लागतं ना? नवरी पिवळी, मांडव पिवळा, पाहुणे पिवळे. त्या नवरीच्या आईला लोकरीच्या फुलांचं तोरण हवं होतं, आणि तेही खऱ्या हळदीत रंगवलेलं. नात्यागोत्याच्या बाहेरून आलेली प्रणालीची ही पहिली ऑर्डर. ती फार बोलून दाखवत नाही. पण मोबाईलवरचा तो मेसेज ती दिवसातून चार वेळा उघडून वाचायची, हे मी चष्म्यावरून पाहिलं होतं. तोरण शुक्रवारी पोचवायचं होतं.

मंगळवारी तिनं तुरटी आणि हळदीच्या पाण्यात सहा लडी रंगवल्या आणि मागच्या पडवीत दोरीवर टांगल्या. गुंता होऊ नये म्हणून प्रत्येक लडीला पांढऱ्या सुती दोऱ्याची एकेक गाठ. काय रंग आला होता महाराजा! मी तर खुर्ची ओढून समोर बसून राहिलो.

बुधवारी सकाळी सासू-सून दोघी दाराचं माप घ्यायला वणीच्या बसनं निघाल्या. निघता निघता प्रणाली म्हणाली, “बाबा, लडी सावलीतच वाळू द्या. त्याले हात नका लावू बरं.”

“अवं, मी कायले हात लावतो?”

“नाई, तुमी लावता म्हणूनच सांगून राह्यली.”

चपला घालता घालता कमलनं मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि चालायला लागली. अडतीस वर्षांचा संसार आहे, तिला अंदाज असतोच.

आता खरं सांगतो, मी हात लावणार नव्हतो. फक्त वाळल्या का पाहावं म्हणून एका लडीला बोट लावलं. बोट पिवळं! दुसऱ्या लडीला लावलं. दुसरं बोट पिवळं! अरे बाप रे, म्हटलं, हा रंग तर कच्चा! उद्या वणीत त्या तोरणाखालून नवरदेवाचा बाप पांढराशुभ्र सदरा घालून गेला, वरून कोणी पाणी शिंपडलं आणि पिवळे थेंब पडले, तर? नाव कोणाचं जाईल? माझ्या सुनेचं. तेही पहिल्याच ऑर्डरीला!

आम्ही पडलो कापसाची माणसं. माझी आई रंगीत सुताची लड घरात आली की आधी सोड्याच्या कढत पाण्यात घालायची आणि चांगली घुसळून काढायची. जेवढा कच्चा रंग तेवढा वाहून जातो, उरतो तो पक्का. आता सूत काय आणि लोकर काय, धागा तो धागा! जन्मभर विज्ञान शिकवलेल्या माणसाला एवढं कळू नये? आणि प्रणाली काय म्हणाली होती? हात लावू नका. मशीन लावू नका, असं कुठे म्हणाली होती?

आमची कपडे धुण्याची मशीन मागच्या पडवीतच आहे. पण पाणी तिला येतं शेजारच्या शोभाच्या बोअरचं. उन्हाळ्यात आमच्या नळाचा काही भरवसा नसतो, म्हणून दोन्ही घरांत ठरलेलं आहे, मशीन आमची आणि पाणी शोभाचं. कुंपणावरून तिचा पाइप येतो, ती आपले कपडे आमच्याकडे धुते, आणि मधलं फाटक कायम उघडं. ही शोभा माझीच विद्यार्थिनी, बरं का! आठवीत माझ्या हाताखाली होती. आता तिची पोरगी आठवीत आहे, पण मला पाहिलं की शोभा अजून पदर सावरून उभी राहते. हे लक्षात ठेवा.

तर मी गॅसवर दोन मोठे गंज भरून पाणी कढत केलं. मशीनमध्ये ओतलं. सहाच्या सहा लडी सोडल्या. वरून मूठभर धुण्याचा सोडा. एक मूठ कमी वाटली म्हणून अजून एक. लगेच झाकण लावलं आणि बटण जड कपड्यांवर नेऊन चावी पूर्ण फिरवली. काम करायचं तर मन लावून करायचं! मशीन घरघरायला लागली आणि मी चौकातल्या टपरीवर चहाला गेलो.

तिथे बंडूभाऊ होताच. बंडूभाऊ म्हणजे माझा लहानपणचा सोबती. आयुष्यभर वणी-चंद्रपूर ट्रक चालवला, आता टपरीवर बसून गावाकडे लक्ष ठेवतो. त्याच्याशी बोलता बोलता चांगला तास गेला.

परत आलो, झाकण उघडलं, आणि दोन पावलं मागे सरकलो.

आत रक्त!

हो, मला पहिल्यांदा तेच वाटलं. लाल पाणी, हो! मांजर पडलं की काय मशीनमध्ये? काठी घेतली, डोळे अर्धे मिटले आणि ढवळून पाहिलं. काठीला काहीतरी जड लागलं. वर काढलं. मांजर नव्हतं. गेरूसारख्या रंगाचा, घट्ट, आखडलेला, ओलाकिच्च असा एक गोळा होता. दारातल्या पायपुसण्याची घट्ट वळकटी करावी, तेवढा.

आणि माझ्या लडी? पिवळ्या लडी?

मी मशीनमध्ये हात घालून तळ चाचपला. बाजूचं पिळायचं भांडं पाहिलं. मशीनच्या मागे पाहिलं, खाली टॉर्च मारून पाहिलं. दोरीवर पाहिलं, जिथून मीच त्या काढल्या होत्या. कुंपणातल्या लिंबूच्या झाडावर पाहिलं. झाडावर का पाहिलं, ते विचारू नका. माणूस गोंधळला की वर पाहतो.

हिशेब सरळ होता. घातल्या सहा, निघाला एक. घातल्या पिवळ्या, निघाला लाल. म्हणजे कोणीतरी माझ्या लडी काढून घेतल्या आणि बदल्यात हे फडकं टाकून गेलं! दुसरं काही होऊ शकतं का, तुम्हीच सांगा? शुक्रवार तर परवावर आला होता. प्रणालीला काय तोंड दाखवू?

मी टपरीवर पळालो आणि बंडूभाऊला हाताला धरून घेऊन आलो. त्यानं गोळा काठीनं उलटापालटा केला आणि मान हलवली.

“गुरुजी, हे तर अदलाबदल होय.”

“मले बी तेच वाटून राह्यलं.”

“तुमी टपरीवर होते तवा घरात कोण आलतं?”

“कोणी नाई गा. फाटक उघडं होतं फक्त.”

बंडूभाऊनं आवाज खाली आणला. “मंग आइका. मी सकाळी टपरीवर येत होतो ना, तवा तुमच्या मागच्या फाटकातून शोभा निघाली. हातात घमेलं. वरून पिवळं झाकलेलं.”

“घमेल्यात काय होतं?”

“झाकलेलं होतं ना जी! उघडं असतं तं मी पाह्यलं नसतं काय?”

आता नीट विचार करा. सकाळी! बंडूभाऊ टपरीवर माझ्या आधीपासून बसला होता. म्हणजे त्यानं शोभाला पाहिलं तेव्हा लडी अजून माझ्या दोरीवरच होत्या. हे कोणाही शहाण्या माणसाच्या लक्षात आलं असतं. तिथे आम्ही दोघंच होतो.

तरी मी म्हटलं, “नाई गा, शोभा तशी नाई.” म्हटलं खरं, पण मान आपोआप कुंपणाकडे वळली. शोभाच्या ओसरीत दोन खांबांना आडवी काठी बांधलेली होती. काठीवर पातळ धोतर पांघरलेलं. आणि धोतराच्या खालून डोकावत होते पिवळे धागे. लडीच्या लडी!

मी बंडूभाऊचा दंड धरला.

“चला,” बंडूभाऊ म्हणाला. “रंगेहाथ पकडू.”

आम्ही दोघं, साठी उलटलेली दोन माणसं, फाटकातून चवड्यांवर चालत ओसरीत शिरलो. घरात मिक्सर चालू होता, तेवढंच बरं. मी धोतराचं टोक उचललं आणि मोजायला लागलो. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहा! पुढे अजून बारा-चौदा होत्या, पण चोरीला गेलेली लोकर मोजताना सहाच्या पुढे कोण जातो?

“ह्याच त्या,” मी कुजबुजलो आणि एक लड मुठीत धरली.

कट्!

मुठीत तुकडे आले. पाचसहा तुकडे खाली फरशीवर पडले.

“लोकर तुटते काय बंडूभाऊ?”

“उन्हानं वाळली असन.”

“अन् हाताले हे पीठ कायचं लागलं?”

बंडूभाऊनं एक तुकडा उचलला, उजेडात धरला, आणि अगदी शांतपणे तोंडात टाकला. थोडा वेळ चघळला. “गुरुजी, लोकर खारट लागते काय हो?”

“मले काय माहीत? मी कधी खाल्ली नाई.”

तेवढ्यात मिक्सर थांबला आणि शोभा बाहेर आली. समोर तिचे सर. एका हातात धोतर, दुसऱ्या हातात तुकडे. बाजूला बंडूभाऊ, तोंड हलवतोय.

“सर? काय करून राह्यले?”

त्याच वेळी माफी मागून निघालो असतो तर किस्सा एवढ्यावरच संपला असता. पण माझ्यातला मास्तर जागा झाला. मी ताठ उभा राहिलो, चष्मा नीट केला आणि म्हणालो, “शोभा, खरं सांग. मी रागावणार नाही.”

तुम्ही शाळेत गेलेले आहात. या वाक्याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे. शोभालाही माहीत होता. तिनं लगेच पदर सावरला.

“काय सांगू सर?”

“सहा लडी. पिवळ्या. मशीनमधून गेल्या.”

“त्या शेवया होय सर. भाचीच्या रुखवताच्या. रंग टाकून केल्या.”

रुखवताच्या शेवया! मी हातातल्या तुकड्यांकडे पाहिलं. बंडूभाऊनं तोंड हलवायचं थांबवलं. तरी मी मागे हटलो का? छे!

“मंग सकाळी ते झाकलेलं घमेलं?”

“त्यात कपडे होते. काल मशीनमधून काढून तुमच्याच दोरीवर टाकलते. हे धोतर बी त्यातलंच. वर टॉवेल होता पिवळा.” बोलता बोलता ती थांबली. आम्ही कशासाठी आलो होतो, ते तिला आत्ता कळलं. “सर, तुमाले वाटलं का मी चोरी केली?”

मी हातातलं धोतर हळूच शेवयांवर परत पांघरलं.

“काकू गावाले गेली का तुमच्या घराची चावी माह्यापाशी ठेवून जाते, सर. अन् मी लोकर चोरन?”

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पाहून मला माझीच लाज वाटली. फार वाईट वाटलं, अगदी आतून. पण खोटं कशाला सांगू, वाईट वाटत असतानाही डोक्यातला गोंधळ काही कमी होईना. हिनं नाही घेतल्या, तर मग लडी गेल्या कुठे?

शोभानं पदरानं डोळे पुसले. “तो काय निघाला म्हणता मशीनमधून, तो दाखवा मले.”

आम्ही तिघं पडवीत आलो. तिनं गोळा हातात घेतला. नाकाशी नेऊन वास घेतला. मशीनमधलं लाल पाणी पाहिलं. शेजारी पडलेली सोड्याची पुडी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. ही नजर मला ओळखीची होती. एकतीस वर्षं मी पोरांकडे याच नजरेनं पाहत होतो.

तिनं कुंपणातलं एक लिंबू तोडलं, दातानं फोडलं आणि गोळ्यावर पिळलं.

जिथे जिथे रस पडला तिथे तिथे पिवळे ठिपके! झगझगीत पिवळे! लाल गोळ्यावर, हो, माझ्या डोळ्यांदेखत!

बंडूभाऊ मशीनच्या मागे गेला. “शोभा, बाई, तुले हे कोणी शिकवलं?”

आणि मी काय विचारलं असेल? ऐका आणि हसू नका. मी विज्ञानाचा मास्तर, मी त्या बाईला विचारलं, “शोभा, हे काय होय?”

“सर,” ती म्हणाली, “तुमी मले विचारून राह्यले?”

आणि तिनं काय करावं? पदर खोचला, हात मागे बांधले, पाय जुळवले आणि वर्गात उभी राहते तशी उभी राहून एका दमात म्हणाली, “हळद हे नैसर्गिक दर्शक आहे. हळद आम्लारीत लाल होते आणि आम्लात पुन्हा पिवळी होते.”

बंडूभाऊनं मशीनच्या मागून डोकं वर काढलं.

“आठवीच्या परीक्षेत मी हे उलटं लिहिलतं सर. तुमी मले पन्नास वेळा लिहाले लावलं. तवापासून पाठ हाय.”

हळदीचा कागद! साबणाचं पाणी! लिंबाचा रस! दर वर्षी, प्रत्येक तुकडीला, टेबलावर दोन वाट्या मांडून मी तो प्रयोग करून दाखवायचो. पोरं ‘ओऽऽ’ करायची आणि मला जादूगार झाल्यासारखं वाटायचं. तोच प्रयोग माझ्या घरात, माझ्या मशीनमध्ये झाला आणि मला तो ओळखूच आला नाही!

“प्रयोग जाऊ द्या सर,” शोभा म्हणाली. “वरणाचा डाग पडलेला सदरा आपल्या हातानं एकदा जरी साबण लावून धुतला असता ना, तरी कळलं असतं.”

नाही धुतला हो. अडतीस वर्षांत एकदाही नाही. आता समजलं, डाग या विषयावर मी का बोलत नाही ते?

पण हरलेला माणूससुद्धा शेवटचा एक मुद्दा धरून ठेवतो. मी म्हणालो, “रंगाचं समजलं. पण सहाचा एक कसा झाला?”

शोभानं गोळा उलटा केला आणि नखानं टोकरलं. आतून सुती दोऱ्याची गाठ बाहेर आली. मग दुसरी, तिसरी. सहाच्या सहा गाठी तिनं माझ्यासमोर मोजल्या. मेंढीचे केस एकमेकांत घुसून असे घट्ट बसले होते की कुठली लड कुठे संपते ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. आमचा कापूस मात्र जसाच्या तसा.

“लोकर गरम पाण्यात घुसळली का आवळते सर. माह्या पोरीचा स्वेटर मी असाच बिघडवलता. बाहुलीले झाला तो.”

“मी म्हणतच होतो, चोरी नसन,” बंडूभाऊ म्हणाला आणि फाटकातून निघून गेला.

मी शोभासमोर हात जोडले. “चुकलं माझं पोरी.” ती “असू द्या सर” म्हणाली. पण म्हणताना तिनं लिंबूच्या झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. ते “असू द्या” मला दिवसभर टोचत राहिलं.

संध्याकाळच्या बसनं दोघी आल्या. तोपर्यंत मी बारा लिंबं पिळून गोळा पिवळा करून ठेवला होता. प्रणाली हसतच आत आली, मोबाईलवर त्या दाराचा फोटो दाखवत. मी गोळा पुढे केला.

तिनं तो हातात घेतला आणि पायरीवर बसली. एकेक गाठ बोटानं चाचपून पाहिली.

“हात लावू नका म्हटलतं ना बाबा?”

“हात नाई लावला वं. मशीन...”

“तुमी गप बसा!” कमल म्हणाली. अडतीस वर्षांत इतक्या कमी शब्दांत इतकं रागावलेली मी तिला पाहिली नव्हती.

नवीन लोकर यायला आठवडा लागणार होता. मधे एकच दिवस. मी म्हणालो, “मी वणीले जातो. नवरीच्या आईले सांगतो का चूक माही होय, पोरीची नाई.”

“अन् काय सांगसान? सासऱ्यानं तोरण शिजवलं म्हणून?”

रागारागानं प्रणालीनं कात्री घेतली आणि गोळ्याचा एक कोपरा कापला. फेकून द्यायला म्हणून कापला असेल. पण मग तो कोपरा ती बोटांत फिरवून पाहायला लागली. कडेनं एकही धागा सुटत नव्हता. तिनं पुन्हा कापला. पाकळी झाली. पाच पाकळ्या एकत्र धरल्या. जाडजूड, टपोरा झेंडू!

“आई,” ती सासूला म्हणाली, “शोभाताईले आवाज द्या जरा.”

मला वाटलं शोभा येणार नाही. ती आली. येताना मोडलेल्या शेवयांची खीर घेऊन आली आणि पहिली वाटी माझ्यासमोर आपटून ठेवली. गुरुवारचा अख्खा दिवस त्या तिघी गोळ्याच्या चकत्या करून झेंडू कापत होत्या. मला काम मिळालं सुयांमध्ये दोरा ओवायचं. तेही कमल प्रत्येक सुई परत तपासून घेत होती.

शुक्रवारी तोरण वणीला पोचलं. नवरीच्या आईला ते एवढं आवडलं, एवढं आवडलं, की तिच्या बहिणीनं तिथल्या तिथे दुसरी ऑर्डर दिली. अट एकच, अगदी असंच पाहिजे. प्रणालीनं घरी आल्या आल्या लोकरीचं नवं पार्सल मागवलं आणि मला म्हणाली, “बाबा, पुढची ऑर्डर तुमीच बिघडवा बरं.” निवृत्तीनंतर मला मिळालेलं हे पहिलं काम.

पण शोभाचं ते “असू द्या” राहिलंच होतं ना? खीर खाऊनसुद्धा ते काही गिळलं जाईना. शेवटी मी दुकानातून एक वही आणली. पडवीत बसलो आणि माझ्या हातानं लिहिलं, ‘हळद आम्लारीत लाल होते आणि आम्लात पुन्हा पिवळी होते.’ पन्नास वेळा. वही नेऊन शोभाच्या हातात दिली. ती खुर्चीवर बसली, मी उभा. तिनं एकेक पान उलटलं, ओळींवरून बोट फिरवत मोजलं. मग तिला हसू फुटलं. खरं, पोटातून आलेलं हसू. इतके दिवस मनावर असलेलं ओझं एकदम उतरलं.

तिनं पोरीच्या दप्तरातला लाल पेन काढला, शेवटच्या पानावर काहीतरी लिहिलं आणि वही परत दिली.

घरी येऊन चष्मा लावून वाचलं. ‘दोन ओळी कमी. अक्षर सुधारावे. पालकांची सही आणावी.’

आता माझे पालक कुठून आणू? वही सूनबाईपुढे ठेवली. तिनं शांतपणे सही केली आणि सहीखाली आपल्या वळणदार अक्षरात एक ओळ जोडली, ‘घरीसुद्धा असंच करतात.’